गल्लीचं भादरायचं मशीन: खंडेनवमी ते पाडवा

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, खंडेनवमी

आज अवजारांची पूजा. विळा, खुरपं, धारेच्या चरव्या, माझी पान्ह्यांची पेटी असं सगळं धुऊन पाटावर मांडलं. आई म्हणाली, "माळ्यावरचं भादरायचं मशीन बी काढ की. वर्साला एकदाच लागतंय, पण गल्लीचं हाय." काढलं. पेटी उघडली आणि ते तसंच पूजेला ठेवायला हात धजेना. पात्यांच्या मध्ये गेल्या पाडव्याचे केस. तेल आणि केस मिळून काळा थर झालेला, नखानं उकरला तर लाखेसारखी खपली निघाली. दात्यांवर तांबूस गंज. मुठीजवळ वायरला गुंडाळलेल्या टेपचा डिंक सुटून बोटांना चिकटला.

हे मशीन आमच्या गल्लीतल्या चार घरांनी २०१९ मध्ये वर्गणी काढून घेतलं. हातात धरायचं, २३० व्होल्टवर चालणारं, मोठ्या जनावरांचं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, पळवतात. त्याआधी आठवडाभर म्हैस भादरून, धुऊन, तेल लावून काळीभोर करायची असते. त्या आठवड्यात मशीन या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरतं, आणि नंतर वर्षभर कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतं.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या गंगीच्या बरगडीवर पातं टेकलं आणि ती उसळली. आवाजाला बुजली असं वाटलं. सकाळी पाहिलं तर काडेपेटीएवढा डाग. पातं तापून कातडी भाजली होती, आणि मशीन माझ्याच हातात होतं. म्हणून यंदा वेळेत काम हाती घेतोय. १७ तारखेला वसुबारस, तोवर मशीन तयार पाहिजे. जे करीन ते इथं लिहीन, म्हणजे पुढं मशीन ज्याच्या हातात जाईल त्याला उपयोगी पडेल.

पूजेला मशीन ठेवलं, पण हळदकुंकू पेटीवर वाहिलं. पात्याला ओली हळद लागली की तिथूनच गंज धरतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळच्या धारा आटोपल्यावर मशीन खोललं. पिन बोर्डातून काढून माझ्या खिशात ठेवली, मग स्क्रू. (वायरही बदलायची असल्यामुळं पिन कापूनच घेतली.) प्रत्येक भाग काढण्याआधी फोनवर फोटो घेतला.

आधी मागची जाळी. हवा तिथून आत जाते आणि मोटर थंड ठेवते. जाळीवर केसांचा इतका घट्ट थर होता की तो अख्खा सोलून निघाला, घोंगड्याच्या तुकड्यासारखा. म्हणजे गेल्या वर्षी मोटरला हवाच मिळत नव्हती. पाती तापायचं एक कारण इथंच सापडलं: मोटर तापली की मशीनचं डोकं, म्हणजे पाती बसतात तो पुढचा भाग, तापतं आणि डोक्याची उष्णता पात्यात उतरते.

दुसरं कारण तेल. आमच्याकडं ज्याच्या हाताला जे येईल ते तेल मशीनला घातलं जातं, बहुतेक वेळा चुलीजवळचं शेंगतेल. खायचं तेल घर्षणानं तापलं आणि त्याला हवा लागली की चिकट होत जातं आणि शेवटी रोगणासारखं सुकतं. खोबरेल त्याहून वेगळं, ते २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. दिवाळीच्या पहाटे गोठ्यात तेवढा गारवा असतोच. मशीनला पातळ खनिज तेल लागतं. पात्यांसाठीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं. ही गोष्ट मी गल्लीत चारदा सांगितली असेल. आता बाटलीच पेटीत बांधून ठेवणार.

डोक्याचे धातूचे भाग रॉकेलमध्ये भिजत ठेवले. मोटरला रॉकेल दाखवायचंही नाही. तिच्यात ठिणग्या असतात, आणि वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचं, व्हर्निशही खराब होतं. मोटरवरचे केस कोरड्या ब्रशनं काढले. फुंकर मारायची तर आतून बाहेर. उलट मारली की केस बेअरिंगमध्ये जाऊन बसतात.

५ ऑक्टोबर, रविवार

मोटरचे कार्बन तपासले, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे तुकडे. एक जेमतेम चार मिलिमीटर उरलाय, दुसरा त्याच्या खोबणीत अडकून बसलेला. अडकलेला कार्बन स्प्रिंगनं पुढं सरकत नाही, मग तो आणि कॉम्युटेटर (फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) यांच्यात फट पडते आणि ठिणग्या उडतात. गेल्या वर्षी जळका वास येत होता तो हाच. दिवसभर पंपांच्या मोटरी बांधणाऱ्या माणसाला तो वास ओळखता आला पाहिजे होता. पण गोठ्यात धूप जळत होता, गडबड होती, आणि मी थांबलो नाही.

कॉम्युटेटर काळा पडलाय, खड्डे मात्र नाहीत. काचेचा बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला. एमरी वापरायची नाही, तिचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करतात. फटी टोकदार केलेल्या बांबूच्या काडीनं साफ केल्या. मल्टिमीटरवर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, ठीक. लक्ष्मीपुरीत याच मापाचा कार्बनचा जोड मिळतो का ते उद्या बघायचं. ड्रिलचा कार्बन घासून बसवतात लोक, बसतोही, पण त्याचा कठीणपणा वेगळा असतो आणि तो कॉम्युटेटर खातो.

८ ऑक्टोबर, बुधवार

कार्बन मिळाले, बसवले. पात्यांशिवाय पंधरा मिनिटं मोकळं चालवलं, म्हणजे कार्बनचं तोंड गोलाईला बसतं. ठिणगी आता निळसर, बारीक, एका जागी.

वायर मुठीपासून चार बोटांवर आत तुटलेली निघाली. वळण तिथंच पडतं, म्हणून तुटतेही तिथंच. टेप काढून जोड देण्यात अर्थ नाही, अख्खी वायर बदलली. रबरी घेतली, प्लास्टिकची थंडीत कडक होते आणि म्हशीच्या खुराखाली चिरते. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला अर्थिंगची तिसरी तार नसते. मुठीच्या रबरी बूचात वायर नीट आवळली, ओढून पाहिली.

पण ती खूण कोरड्या जागेत कामाची. गोठ्यात फरशी ओली, मूत, शेण. म्हैस चारी खुरांवर ओल्यात उभी, वर गळ्यात लोखंडी साखळी. माणसाच्या पायात निदान चप्पल असते. आपल्याला झिणझिण्या आणणारा करंट जनावराला आडवं करू शकतो. म्हणून आज गोठ्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच. टेस्टचं बटण दाबलं, पडला. बाकी तिन्ही घरांना सांगितलं की ज्याच्या गोठ्यात हा नाही, त्यानं म्हैस आमच्या गोठ्यात आणून भादरायची. आबा म्हणाले, "येवढं कशाला रं?" त्यांना बटण दाबून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या पोरानं येऊन विचारलं, कितीला मिळतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस पात्यांचा.

खालचं पातं म्हणजे फणी, ते स्थिर. आमच्याकडं ३१ दाती आहे. वरचं १५ दाती, ते मिनिटाला सुमारे अडीच हजार वेळा इकडून तिकडं जातं. केस फणीच्या दात्यांत शिरतो आणि वरचं पातं त्याला दात्याच्या कडेवर कापतं, कात्रीसारखं. ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक वोल्सली यांनी मेंढ्यांची लोकर कातरायचं मशीन बनवलं आणि १८८८ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या डनलॉप इथं ते कळपावर चाललं, त्यातही तत्त्व हेच होतं. सगळं काम दोन पाती एकमेकांवर नीट बसण्यावर अवलंबून आहे.

आमची बसत नाहीत. दोन्ही पाती एकावर एक ठेवून खिडकीकडं धरली, तर दात्यांच्या टोकांशी उजेड दिसतो. बसायला हवं ते उलटं: टोकांशी आणि मागच्या कडेला घट्ट, मधे केसाएवढी पोकळी. त्या पोकळीमुळं टोकांवर दाब येतो, आणि तेलही तिथंच थांबतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ही पाती कात्र्यांना धार लावणाऱ्याकडं दिली होती. त्यानं आपल्या चाकावर दात्यांची टोकं घासून दिली. चकाकत होती, पण तोंडच उतरलं. पात्याला धार दात्याच्या टोकाला लावायची नसते, अख्खा सपाट भाग घासायचा असतो.

दुपारी मी स्वतः काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासून पाहिलं. गंज गेला, पृष्ठभाग छान सपाट झाला. म्हशीच्या शेपटीचा जपून ठेवलेला झुबका कापून पाहिला, पहिली दोन मिनिटं मस्त, मग ओढायला लागलं. काच सपाट, त्यामुळं पातीही पूर्ण सपाट झाली, पोकळी राहिली नाही, आणि दोन पाती तेल बाहेर ढकलून एकमेकांना चिकटायला लागली. केस दोन पात्यांच्या मध्ये आडवा पडून दुमडतो, तो अडकला की वरचं पातं उचललं जातं. मग माणूस स्क्रू आवळतो. आवळलं की तापतं. गंगीच्या बरगडीचं सगळं गणित इथं सापडलं. तेव्हाही मी स्क्रू आवळत होतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी शिवाजी उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या टर्नरकडं गेलो. कोल्हापुरात बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काय हवं ते मिळतं, ही आपली श्रीमंती. त्यांच्याकडं भंगारातली बिडाची बारा इंची तबकडी होती. लेथवर तोंड घेताना, म्हणजे वरची बाजू कापून घेताना, मधे किंचित उंच आणि कडेकडं उतरतं असं घ्यायला सांगितलं. नुसत्या डोळ्याला दिसत नाही इतका उतार, पट्टी टेकवली तर कडेला उजेड दिसतो. ते म्हणाले, "सरळ तोंड घेणं सोपं, वाकडं मापात घेणं अवघड." दोनदा घेतलं. पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणून गंगीच्या दुधाचा खरवस द्यायचं कबूल केलं. ती पौषात विणार आहे.

तबकडी जुन्या कमी फेऱ्यांच्या मोटरवर चढवली. कार्बोरंडमची, म्हणजे धारेच्या दगडाची, बारीक पूड तेलात कालवून तिच्यावर पसरली आणि पातं सपाट बाजूनं टेकवून कडेपासून मध्यापर्यंत हलकं मागंपुढं. दाबायचं नाही, पात्याच्या वजनात अजून एका बोटाचं वजन. लोहचुंबकानं धरलं म्हणून बोटं वाचली. अर्ध्या मिनिटानं पुसून पाहिलं, मध्ये राखाडी, टोकांना अजून जुनी चमक. म्हणजे टोकं लागलेली नाहीत. पुन्हा. जेव्हा राखाडी रंग शेवटच्या दात्याच्या टोकापर्यंत सारखा आला तेव्हा थांबलो. फणीला सात वेळा लागलं, वरच्याला चार.

मग धुलाई. पुडीचा एक कण राहिला तर सगळी धार तासाभरात जाईल, म्हणून आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी आणि दाताचा ब्रश, मग ताबडतोब चुलीजवळ वाळवून तेल. खिडकीकडं धरलं: टोकांना उजेड नाही, मागं उजेड नाही, मधे सुतासारखी रेघ. आईला बोलावून दाखवलं.

फणीचा डावीकडून तिसरा दात अर्धा तुटलाय. तुटक्या दात्यात कातडी शिरते. म्हणून ही जोडी सरावाला आणि पायांच्या खरबरीत केसांना. अंगाला, कासेला नवी जोडी. ती मागवली आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नवी जोडी आली. डोक्यात ताजं ग्रीस, वाटाण्याएवढं. जास्त भरलं तर ते गरम होऊन मोटरकडं सरकतं. पाती बसवताना वरच्याची टोकं फणीच्या टोकांच्या दीड-दोन मिलिमीटर मागं ठेवली. ती पुढं आली तर कातडी कापतात.

ताण लावायची माझी पद्धत आता ठरली. दोन पात्यांत तेल घालून स्क्रू बोटानं लागेल तेवढा. मशीन चालू, झुबका कापायला घ्यायचा. कापत नसेल तर पाव फेरा. पुन्हा कापायचं. जिथं पहिल्यांदा स्वच्छ कापलं तिथं थांबायचं. आवाज कान देऊन ऐकायचा. घट्ट झालं की मोटरचा सूर खाली उतरतो.

दहा मिनिटं चालवून पातं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं. कोमट. गेल्या वर्षी मी हेच करायला हवं होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

पहिली गंगी. तिला धुतलं होतं काल संध्याकाळीच, म्हणजे अंग पूर्ण कोरडं.

मशीनची पेटी पाहूनच तिनं कान मागं घेतले. म्हणून भादरायची घाई केली नाही. आईनं पेंड पुढं ठेवली, मी गोठ्याच्या दाराबाहेर मशीन चालू करून उभा राहिलो. पाच मिनिटं. मग आत, दूरच्या कोपऱ्यात. मग बंद करून मशीनची नुसती पाठ तिच्या खांद्यावरून फिरवली. पेंड संपत आली तेव्हा चालू मशीन डाव्या हातात धरलं आणि उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवून, त्या हातावर मशीन टेकवलं, म्हणजे थरथर आधी माझ्या हातातून तिच्यापर्यंत पोचली. कातडी एकदा थरारली, माशी बसल्यावर थरारते तशी. मग पातं.

खांदा, पाठ, मांडी, केसांच्या उलट दिशेनं, लांब सरळ पट्टे. डाव्या बरगडीचा डाग आहे तिथं केस आलेलेच नाहीत. तिथं मशीन नेलं नाही. शेवटी कास, फणी सपाट धरून, टोक कधीच खाली करायचं नाही. तिथले केस काढले की शेण चिकटत नाही, धार काढताना सड स्वच्छ राहतात.

पाऊण तास लागला. चार वेळा थांबून पातं मनगटाला लावलं. ती शेवटी रवंथ करायला लागली.

१९ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवसांत नऊ म्हशी. लय बसली आहे: दर दहा मिनिटांनी थांबायचं, ब्रशनं केस झाडायचे, मशीन तोंड खाली करून चालू ठेवायचं आणि पात्यांच्या टोकांवर, दोन्ही कडांना, मागच्या खाचेत थेंब थेंब तेल. तोंड खाली, म्हणजे तेल मोटरकडं ओघळत नाही. दर दुसऱ्या म्हशीनंतर जाळी.

आज एक चूक झाली. पंचगंगेत डुंबून आलेली म्हैस थेट आणली, पाठ वरून सुकलेली, केसांच्या मुळाशी नदीचा बारीक गाळ. गाळ म्हणजे वाळूच. नवी फणी एका म्हशीत बोथट झाली. रात्री अकरापर्यंत तबकडीवर बसलो. यापुढं आदल्या संध्याकाळी धुतलेली असेल तरच.

तात्यांच्या रेडकाच्या मानेवर आणि डोळ्याभोवती गोल, राखाडी, खपली धरलेले चट्टे दिसले. गजकर्णाचा संशय. ही बुरशी आहे, आणि ती मशीननं पसरते. खपलीतले आणि केसांतले तिचे बीजकण महिनोन्महिने तग धरतात. एकाच पात्यानं गोठे फिरलो तर पाडव्यापर्यंत चार घरांत जाईल, आणि माणसांनाही होते ती. तात्यांना म्हणालो, रेडकू नाही भादरायचं, आणि त्याच्या शेजारी बांधलेली म्हैसही नाही.

"आरं, पाडव्याला माझीच म्हस तशीच न्यायची? लोक काय म्हंतील?"

"तात्या, तुमच्याच सुनेच्या कडंवर लहान पोर हाय. तीच धार काढते."

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शिंगं तर रंगवतो. ती मशीननं न्हाई रंगवत." उद्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन येतो म्हणालो.

२० ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर आले, गजकर्णच. लावायला औषध दिलं, रेडकू वेगळं बांधायला सांगितलं. काल मशीन त्या गोठ्यात नेलं नव्हतं, तरी रात्री दोन्ही जोड्या अर्धा तास उकळून घेतल्या. ब्लीचचं पाणी वापरायचं नाही, पोलाद खातं. उकळत्या पाण्यातून काढल्या काढल्या पातं गरम असतं, तेव्हाच पुसलं की आपोआप वाळतं, मग लगेच तेल.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सतरा म्हशी भादरून झाल्या. एकीलाही डाग नाही, एकीलाही कापलं नाही. दुपारी गंगीला मोरपिसं आणि कवड्यांची माळ घालून घाटावर नेली. तात्यांची म्हैस अंगावर केस ठेवूनच आली, शिंगं हिरवी-भगवी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज मशीन वर्षभरासाठी ठेवायचं. गेल्या वर्षी पाडव्याच्या रात्रीच पेटीत टाकलं होतं.

पूर्ण खोललं. जाळी धुतली, वाळवली. डोकं रॉकेलनं साफ, नवं ग्रीस. कार्बन मोजले, जेमतेम अर्धा मिलिमीटर झिजलेत. पाती तबकडीवर एकदा हलकी फिरवली, धुतली, तेलात बुडवून काढली आणि तेलकट सुती चिंधीत गुंडाळली. वर्तमानपत्रात नाही, कागद ओल ओढून घेतो. ताणाचा स्क्रू पूर्ण सैल केला, नाहीतर स्प्रिंग वर्षभर दबून बसते. वायर मशीनभोवती गुंडाळली नाही, मोठ्या वेटोळ्यात वेगळी. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली झाकणाला तारेनं बांधली.

पेटी माळ्यावर न ठेवता माझ्या कपाटात ठेवली. चारही घरांना विचारून. तबकडी आणि पुडीचा डबा खालच्या कप्प्यात. झाकणाच्या आत चिठ्ठी: सतरा म्हशी, नव्या फणीला दोनदा धार, तुटक्या दात्याची फणी फक्त पायांना.

रेडकाचे चट्टे सुकायला लागलेत, केस अजून आलेले नाहीत. १० नोव्हेंबरला पुन्हा बघायचं.